पाडवा ते पाडवा : आपल्या सोसायटीची दोन वर्षे



स्मरणिका समितीने माझ्याकडे कोरोनाच्या काळाचा विषय सोपवला, तेव्हा एक-दोघांनी विचारले, "आनंदाच्या पुस्तकात हे अभद्र कशाला?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण पंचवीस वर्षांचा इतिहास लिहायचा आणि त्यातली दोन वर्षे गाळायची, हे काही हिशेबात बसत नाही. आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला तर नाहीच नाही. २०१८ च्या उन्हाळ्यातली पाणीटंचाई आणि टँकरच्या रांगा आपण कौतुकाने सांगतो. मग हे का नको?

दुसरे कारण असे की आपल्या आठवणी आताच विस्कळीत झाल्या आहेत. लॉकडाऊन किती दिवस होता, असे मी मुद्दाम दहा-बारा जणांना विचारून पाहिले. कोणी म्हणाले एकवीस दिवस, कोणी म्हणाले तीन महिने, एक वहिनी म्हणाल्या, "दोन वर्षं, भाऊजी!" गंमत म्हणजे तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. बंद झाले एका रात्रीत, पण उघडले मात्र हप्त्याहप्त्याने. या उघडण्याचाच इतिहास मला सांगायचा आहे, कारण तोच आपण आधी विसरलो.

माझ्याजवळ दोन साधने आहेत. एक म्हणजे शासनाच्या आदेशांच्या तारखा. दुसरे म्हणजे आपल्या गेटवरचे रजिस्टर. तेव्हा मी समितीत खजिनदार होतो, म्हणून ती वही माझ्या कपाटात राहिली. लांब, निळ्या पुठ्ठ्याची, साधी वही. कोण आले, कोणाकडे, किती वाजता, केव्हा गेले. बस, एवढेच. पण पान उलटत गेले की गाव कसे हळूहळू जागे झाले ते दिसते.

पहिला पाडवा : २५ मार्च २०२०

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोरोनाला जागतिक महामारी म्हटले. महाराष्ट्रात पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले होते, दुबईची सहल करून आलेले. त्याच सहलीतले काही प्रवासी आपल्या यवतमाळचे होते. मार्चच्या मध्यावर त्यांच्यापैकी काहींचे अहवाल पॉझिटिव्ह आले आणि आपले आडबाजूचे गाव एकदम राज्याच्या बातम्यांत आले. ते लोक पुढे बरेही झाले, पण धास्ती घरोघर शिरली ती शिरलीच.

१३ मार्चला राज्याने साथरोग कायदा लागू केला. हा कायदा १८९७ चा, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा. सव्वाशे वर्षांपूर्वीचा कायदा नव्या रोगासाठी बाहेर काढावा लागला, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या. २४ तारखेच्या रात्री पंतप्रधानांनी घोषणा केली आणि २५ मार्चपासून देश बंद झाला. तो दिवस गुढीपाडव्याचा. गाठ्या आणल्या होत्या, कडुनिंब गेटजवळच्याच झाडाचा. गुढ्या उभ्या राहिल्या, पण एकमेकांच्या घरी कोणी गेले नाही.

रजिस्टरचे पहिले पान त्याच दिवशीचे आहे. नोंदी चार : दूधवाला, गॅस सिलिंडर, औषधाचे पार्सल आणि नगरपालिकेची फवारणी. दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा सुरू झाले, ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे लागले. भाजीसाठी दुसऱ्या मजल्यावरून दोरीने पिशव्या खाली येत. भाजीवाली पिशवीत सांबार-मिरची टाकायची आणि पैसे सॅनिटायझरच्या वाटीत घ्यायची. नोटा ओल्या व्हायच्या. मी तिला म्हटलेही, बाई, नोट वाळवून ठेव, नाहीतर फाटेल.

बँका मात्र बंद नव्हत्या. महिलांच्या जनधन खात्यात महिन्याला पाचशे रुपये याप्रमाणे तीन महिने पैसे जमा होणार होते. गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस ठरवून दिले : ३ एप्रिलला शून्य आणि एक, ४ ला दोन आणि तीन, असे. बँकेसमोर चुन्याची वर्तुळे आखलेली असायची. ऊन वाढले की बायका वर्तुळात चपला ठेवून झाडाखाली बसत. हप्ते पुढे ढकलायची सवलत रिझर्व्ह बँकेने आधी ३१ मेपर्यंत दिली, पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. आपल्यातील ज्यांची घरकर्जे होती त्यांना मी तेव्हाच सांगत होतो की हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही.

जिल्ह्याचे हाल वेगळे होते. कापूस घरात पडून होता. खरेदी थांबली, एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली, पण केंद्रावर रोज मोजक्याच गाड्या घेत. खरिपाची तयारी तोंडावर आणि मागच्या हंगामाचा कापूस अजून घरात, असे दृश्य मी नोकरीत कधी पाहिले नव्हते. कर्जमाफीच्या यादीत नाव असलेल्यांची आधार पडताळणी अडकली, कारण अंगठा लावायचे यंत्रच संसर्गाच्या भीतीने बंद. पांढरकवड्याच्या बाजूने हैदराबाद-नागपूर रस्त्यावर पायी निघालेल्या मजुरांच्या रांगा होत्या. १९ मे रोजी मजुरांना घेऊन सोलापूरहून निघालेल्या बसला आर्णीजवळ अपघात झाला आणि चौघे गेले. घर गाठायला निघालेली माणसे ती.

उघडण्याचे हप्ते

१ मेच्या केंद्राच्या यादीत यवतमाळ जिल्हा लाल रंगात होता. शहरातल्या काही वस्त्या बांबू लावून सील केल्या होत्या. महिना सरता सरता चित्र बदलले. रेड झोन वगळून राज्यात २२ मेपासून जिल्ह्यांतर्गत एसटी निम्म्या प्रवाशांवर सुरू झाली. ३१ मे रोजी मुख्यमंत्र्यांनी 'पुनश्च हरिओम' म्हटले. शब्द जुने आहेत. प्लेगच्या काळातल्या लिखाणावरून टिळकांना तुरुंगवास झाला, आणि सुटून आल्यावर १८९९ मध्ये 'केसरी'त पुन्हा लिहायला बसले तेव्हा त्यांनी याच मथळ्याचा अग्रलेख लिहिला होता. म्हणजे साथीनंतर पुन्हा सुरुवात करण्याचा हा आपल्याकडचा पहिला प्रसंग नव्हे.

आता रजिस्टर बघा. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्लंबर आला. मग कूलरची मोटर दुरुस्त करणारा. मग पेपर पुन्हा सुरू झाला. तोवर कित्येक घरांनी भीतीने बंद ठेवला होता. जूनच्या मध्यावर मोठा प्रश्न आला : घरकाम करणाऱ्या मावशींना आत घ्यायचे की नाही?

त्यावर गच्चीवर सभा झाली, सहा-सहा फुटांवर खुर्च्या ठेवून. एक बाजू म्हणाली, त्या चार घरी कामे करतात, चार ठिकाणचे आणतील. दुसरी बाजू म्हणाली, त्यांचीही घरे चालली पाहिजेत आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना भांडी होत नाहीत. बराच वेळ चालले. शेवटी ठरले की एक मावशी एकाच घरी, मास्क लावून, गेटवर हात धुऊन. आणि ज्यांना बोलवता येणार नाही त्यांनी पगार चालू ठेवावा. बहुतेकांनी ठेवला. काहींनी निम्मा दिला.

आज वही वाचताना एक गोष्ट खटकते. जून ते ऑगस्टच्या पानांवर पायी येणाऱ्या प्रत्येकाची नोंद आहे : नाव, ताप, वेळ. पण मोटारीने आत येणाऱ्यांच्या नोंदी तुरळक आहेत. त्याच दिवसांत आपली मुले ई-पास काढून पुण्याहून, मुंबईहून येत होती, आणि साथ तर तिकडे जोरात होती. तपासणी झाली ती वाघापूर-लोहाऱ्याहून चालत येणाऱ्या बायांची. चौकीदाराने एकदा हे बोलूनही दाखवले होते : "काकाजी, पायानं येते त्याले थांबवतो, गाडीनं येते त्याले सलाम करतो. रोगाले गाडी चालवता येत नाई का?" तेव्हा सगळे हसले. पण त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे होते, आणि ते लिहून ठेवले पाहिजे.

पुढचे हप्ते असे. २० ऑगस्टला जिल्ह्याबाहेर एसटी सुरू झाली. २ सप्टेंबरपासून ई-पास गेला. ५ ऑक्टोबरला हॉटेले निम्म्या क्षमतेने उघडली. दुर्गोत्सव म्हणजे यवतमाळचा जीव की प्राण! कलकत्त्याखालोखाल आपलाच, असे आपण पाहुण्यांना सांगतो. त्या वर्षी मंडळाची मूर्ती चार फुटांची आणि घरची दोन फुटांची, अशी मर्यादा होती. रोषणाई नाही, पाळणे नाहीत, रात्री दोन वाजता रस्त्यात माणसांचा पूर नाही. लहान मूर्तीसमोर हात जोडून लोक पुढे जात. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, मंदिरे उघडली. २३ नोव्हेंबरला नववी ते बारावीचे वर्ग सुरू झाले आणि २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवीचे.

सहकार खात्यानेही वार्षिक सभांना मुदतवाढ दिली होती आणि निवडणुका पुढे ढकलल्या होत्या. आपली सभा लांबली ती त्यामुळे. जानेवारीत संक्रांतीचे हळदीकुंकू झाले. वाण म्हणून कित्येकींनी मास्क वाटले. पान भरभरून नोंदी : पाहुणे, शिकवणीची मुले, पापड विकणारी, रंगारी. जानेवारीअखेरीस चौकीदार विचारू लागला, "आता लिहू का नाई काकाजी? हात दुखून रायला." सगळ्यांनाच वाटत होते की संपले.

दुसरा पाडवा : १३ एप्रिल २०२१

संपले नव्हते. आणि दुसरी लाट महाराष्ट्रात प्रथम दिसली ती आपल्याच भागात : अमरावती, अकोला, यवतमाळ. १८ फेब्रुवारीला जिल्ह्यात पुन्हा निर्बंध आले. २८ तारखेपर्यंत शाळा-कॉलेजे बंद, पाचांहून अधिक लोकांनी एकत्र यायचे नाही, लग्नाला पन्नास माणसे. नुकत्याच उघडलेल्या शाळा महिनाभरही टिकल्या नाहीत. पुढे 'डेल्टा' या नावाने जगभर पसरलेला विषाणूचा प्रकार पहिल्यांदा भारतातच, २०२० च्या अखेरीच्या नमुन्यांत आढळला होता. पण हे आपल्याला नंतर कळले.

माझी आजी लहानपणी आम्हाला 'मानमोडी'च्या गोष्टी सांगायची. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक मृत्यू झालेल्या भागांपैकी एक होता. जनगणनेच्या इतिहासात १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे की भारताची लोकसंख्या घटली, आणि त्याचे मुख्य कारण ही साथ. त्या साथीतही उन्हाळ्यातली पहिली लाट सौम्य होती. लोक कामाला लागले, आणि सप्टेंबरनंतर आलेल्या दुसऱ्या लाटेने घरेच्या घरे नेली. आजी म्हणायची, "पहिल्यांदा सर्दी आली, मग मानमोडी आली." शंभर वर्षांनी तोच क्रम पुन्हा आला.

गुढीपाडवा १३ एप्रिलला होता. त्याच संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध जाहीर केले, १४ तारखेच्या रात्री आठपासून. वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाट मिळवणे म्हणजे मोठे काम झाले होते. ऑक्सिजन, इंजेक्शन, प्लाझ्मा हे शब्द पोराटोरांच्या तोंडी आले. दारूची दुकाने बंद असताना वणीला सॅनिटायझर पिऊन सात जण मेले, तेही याच एप्रिलमध्ये.

एप्रिल-मेच्या पानांवर एक नवी नोंद दिसते : रुग्णवाहिका. आपल्या तीन घरांतली माणसे त्या वीस-पंचवीस दिवसांत गेली. त्यांची नावे मी इथे देत नाही, कुटुंबीयांची तशी इच्छा आहे. पण सगळ्यांना ठाऊक आहे की एकाने आपली बाग लावली, एकाने पहिल्या दहा वर्षांची कागदपत्रे सांभाळली, आणि एका माउलीच्या हातच्या पुरणपोळ्या प्रत्येक घरी पोचत. त्यांना खांदा देता आला नाही. दारावर भेटायला जाता आले नाही. आपल्याकडे माणूस गेला की तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते, कोणी पिठले-भाकरी आणते, कोणी नुसते बसते. ते काहीच झाले नाही. फोनवर बोलायचे, तेही काय बोलायचे!

मात्र त्याच दिवसांत या सोसायटीने चांगले कामही केले. तरुण मुलांनी फोनची यादी केली. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना सकाळ-संध्याकाळ एक फोन. घरात सगळेच आजारी असतील तर दारावर डबा. ऑक्सिमीटर तीन होते, ते फिरते ठेवले. कोणाकडे कधी गेले त्याची वेगळी वही होती. बँकेत रोकड सांभाळतात तसे ते ऑक्सिमीटर सांभाळले, एकही हरवला नाही.

पुन्हा उघडणे, पण जपून

७ जून २०२१ पासून राज्यात टप्प्याटप्प्याने निर्बंध सैल झाले. पण आता माणसे बदलली होती. आदल्या वर्षी आदेश निघायच्या आधी लोक बाहेर पडत. या वेळी आदेश निघाल्यावरही थबकत. रजिस्टरमध्ये हे अगदी उघड दिसते. परवानगी होती तरी जून-जुलैत पाहुणे नाहीत. मावशी आल्या, कारण त्यांना येणे भाग होते.

फरक पाडला तो लसीने. १ मार्चपासून साठीपुढच्यांना लस सुरू झाली होती. पहिला डोस घेताना केंद्रावर रांगेत जुने सहकारी भेटले, कित्येक वर्षांनी. आधी दुसरा डोस अठ्ठावीस दिवसांनी होता, मग सहा ते आठ आठवडे झाले, मेमध्ये बारा ते सोळा आठवडे. मुदत ठेवीची मुदत वाढावी तशी आमची तारीख वाढत गेली. दोन्ही डोस झाल्यावरच आमच्या पिढीने उंबरठा ओलांडला.

४ ऑक्टोबरला शाळा पुन्हा उघडल्या. ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी मंदिरे उघडली. कळंबच्या चिंतामणीला जाऊन आलेल्यांची एक गाडी त्या आठवड्यात नोंदलेली आहे. २२ तारखेला नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे सुरू झाली. आणि आता सगळे सुरळीत होणार म्हणताना ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला! ज्या जिल्ह्यात शाळा, दवाखाना, बाजार सगळे एसटीवर, तिथे रोग आटोक्यात येऊनही खेड्यातल्या पोरांची शाळा रखडलीच. म्हणून मी म्हणतो, पूर्ववत होण्याची तारीख प्रत्येकाची वेगळी. शहरातल्या मुलाची ४ ऑक्टोबर असेल, तर खेड्यातल्या मुलीची त्यानंतर सहा महिन्यांनी.

तिसरा पाडवा : २ एप्रिल २०२२

राज्याने १ एप्रिल २०२२ पासून सर्व निर्बंध उठवले. मास्कही ऐच्छिक झाला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. म्हणजे पाडव्याला लागलेले बंधन पाडव्याच्या आदल्या दिवशी सुटले, मध्ये एक पाडवा जाऊन. त्या दिवशी आवारात सामूहिक गुढी उभारली. तिन्ही घरांतले लोक खाली आले होते. आधी दोन मिनिटे सगळे गप्प उभे राहिले आणि मग गुढीची पूजा झाली. ज्यांना वर्षभर भेटता आले नव्हते ते त्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बसले. उशिरा का होईना, सांत्वन झाले. माझ्या मते आपल्या सोसायटीत साथ संपली ती त्या दुपारी. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी सांगितले, पण तोवर इथे रजिस्टर लिहिणे कधीच थांबले होते.

एक नोंद मात्र कुठल्याच वहीत नाही. २०२० च्या उन्हाळ्यापासून दीड-दोन वर्षे आपली सोसायटी भरलेली होती. पुण्या-बंगलोरची मुले, सुना, नातवंडे इथूनच काम आणि शाळा करत होती. संध्याकाळी गच्चीवर पतंग उडत, रात्री एक वाजेपर्यंत खिडक्यांत लॅपटॉपचा उजेड असे. भीती होती, पण घरे भरलेली होती. मग कंपन्यांनी परत बोलावले. जून २०२२ च्या आसपास एकेक गाडी सामान भरून गेटबाहेर गेली, कोणी धामणगावला रेल्वे गाठायला, कोणी थेट पुण्याला. आमच्या मजल्यावरची तीन घरे पुन्हा दोन-दोन म्हाताऱ्यांची झाली. सगळे पूर्ववत झाले म्हणतात ते हेच! मुलांना दोष नाही, त्यांना जायलाच हवे होते. पण आमच्या पिढीला पूर्ववत होणे पूर्णपणे गोड लागले नाही, हे तरुणांनी समजून घ्यावे एवढेच.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने दोन विनंत्या. तेव्हाची ती फोनची यादी बंद करू नका. साथ गेली तरी एकटे राहणारे आहेतच, उलट वाढलेत. आणि गेटवर पायी येणाऱ्याला जो नियम तोच गाडीतून येणाऱ्याला लावा. त्याला साथीची वाट पाहायला नको. रजिस्टर मी सोसायटीच्या कार्यालयात जमा केले आहे. कोणाला आपल्या घरची तारीख बघायची असेल तर सचिवांकडे मागावी, पोच देऊन वाचायला मिळेल.